बारा बाजूंनी एक हृदय

सकाळचे साडेनऊ. आरोग्य केंद्राच्या पायरीवर चपलांची गर्दी. आत पडद्यामागे सिस्टर ईसीजीसाठी, म्हणजे हृदयाच्या विजेच्या आलेखासाठी, एका काकांच्या छातीवर जेल लावतायत. "गार लागेल हं, काका."

महिनाभर काका ज्याला पित्त म्हणत होते, त्याबद्दल डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "बांधावरचा चढ चढताना होतं, की बसल्या जागीही?" चढावर छाती आवळते, थांबलं की दोन-चार मिनिटांत मोकळी होते. निम्मं निदान इथेच झालं. यंत्र त्यानंतर.

छातीवर सहा रबरी फुगे, हातापायांना चार चिमटे. जोडण्या दहा, पण हृदय दिसतं बारा बाजूंनी. अंगात वीज सोडतात, असं रांगेत कुणीतरी सांगितलेलं असतंच. सोडत काहीच नाहीत. हृदयाची स्वतःचीच वीज असते, मिलिव्होल्टमध्ये मोजावी इतकी. कागदावर उमटते ती तीच. कागद सरकतो सेकंदाला 25 मिलिमीटर. गुलाबी जाळीतला एक बारका चौकोन म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग.

आता हा जुना फोटो पाहा. कोट घातलेला गृहस्थ, दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत. हाही ईसीजीच. नेदरलँड्समधल्या लायडन इथे विलेम आइन्टहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे यंत्र उभारलं, त्याचं वजन सुमारे 270 किलो. चालवायला पाच माणसं. रुग्णालयातल्या रुग्णाच्या हृदयाची वीज तारेवरून दीड किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत आणली जायची. 1924 साली त्यांना नोबेल मिळालं. आलेखाच्या लाटांना त्यांनी दिलेली पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरं आजही तीच आहेत. यंत्र मात्र आता सिस्टरांच्या काखेत मावतं.

काकांचा कागद नॉर्मल निघाला. इथेच लोक फसतात. बसल्या जागी काढलेला ईसीजी चढावरचं दुखणं दाखवेलच असं नाही. म्हणून काका जिल्ह्याच्या गावी, ट्रेडमिलवर. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेगही वाढतो आणि चढही. म्हणजे शेताचा बांधच की! तिसऱ्या टप्प्यात ईसीजीची रेघ खाली झुकू लागली, हृदयाला रक्त कमी पडत असल्याची खूण. डॉक्टरांनी पट्टा थांबवला.

शेजारच्या खोलीत टूडी इको. ध्वनिलहरींनी दिसणारं हृदय, झडपांची उघडझाप. पडद्यावर रक्त प्रोबकडे, म्हणजे छातीवर टेकवलेल्या यंत्राच्या टोकाकडे, येताना लाल, दूर जाताना निळं.

पुढे मनगटातून अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, आणि अरुंद जागी एक स्टेंट, जाळीची बारीक नळी.

पुन्हा आरोग्य केंद्र. बाकावर एक मावशी. छाती दुखत नाही, नुसती धाप लागते. साखर आहे दहा वर्षांपासून. मधुमेहात हृदय असंही बोलतं. सिस्टर पडदा ओढतात.

"मावशी, बांगड्या जरा वर सरकवा."