घरातल्या कुंडीवर पाऊस पडत नाही

नमस्कार मंडळी, ऐकताय ना? आज पाण्याबद्दल बोलायचंय, पण माडा-पोफळीच्या नाही हां. माडाचं काय, तो खाडीकाठी उभा राहून थोडंफार खारंही पचवतो. मी म्हणतेय ती घरातली झाडं, खिडकीतला मनी प्लांट, टीव्हीशेजारचा स्नेक प्लांट, लेकीने हौसेने आणलेली पीस लिली, नाहीतर पुण्या-मुंबईहून येताना मांडीवर धरून आणलेलं अँथुरियम.

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी मार्च संपता संपता स्पायडर प्लांटची टोकं करपायला लागली. आधी टोक तपकिरी, मग कडा, मग पीस लिलीही तशीच. मी मोबाईल काढला, इंग्रजी व्हिडिओ बघितले, सगळे एकच सांगत होते की नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, पाणी रात्रभर उघडं ठेवा, तो उडून जातो. झालं, महिनाभर मी रोज बादली भरून ठेवतेय, सकाळी तांब्याने घालतेय आणि टोकं आपली करपतातच आहेत. मग कुठेतरी वाचलं की पाणी अल्कलाइन असेल तर जरा आंबट करून घाला. आता कोकणातल्या बाईला आंबट म्हटल्यावर काय आठवणार? घरात कोकमाचं आगळ होतं, दोन चमचे घातलं पाण्यात! सासूबाई ओटीवर बसून बघत होत्या, म्हणाल्या, "गो, आगळात मीठ आसता मां?" आणि मग पुढे, "बावीचा पाणी मचूळ झालाहा, चायेक चव नाय, आणि तां तू झाडांका घालतंस?"

म्हणजे जे पाण्यातले क्षार सांगणाऱ्या मीटरने नंतर सांगितलं ते त्यांच्या चहाने आधीच सांगितलं होतं.

झालं होतं असं की आमच्या नळाला येणारं पाणी ज्या विहिरीचं, ती खाडीपासून हाकेच्या अंतरावर. जमिनीखाली गोडं पाणी हलकं म्हणून वर असतं आणि समुद्राचं खारं पाणी जड म्हणून त्याच्या खाली. एप्रिल-मेमध्ये उपसा वाढला, वरून भर नाही, की गोड्याचा थर पातळ होतो आणि खालचं खारं वर सरकतं. पुस्तकी हिशोब असा की गोड्या पाण्याची पातळी एक फूट उतरली तर खाऱ्याची हद्द चाळीस फूट वर येऊ शकते. आणि खारं किती लागतं? समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे 100 लिटर गोड्या पाण्यात एकच लिटर समुद्र मिसळला तरी टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे मिलिग्रॅम, साडेतीनशेने वाढला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस 500 पर्यंत चांगला धरलाय आणि दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्या असं आहे, पण ते माणसासाठी, अँथुरियमने ते मानक वाचलेलं नाहीये.

टीडीएस मीटर म्हणजे पेनाएवढी वस्तू, दोन-तीनशे रुपयांत मिळते. ती खरं तर क्षार मोजत नाही, पाण्यातून वीज किती वाहते ते मोजते आणि त्यावरून आकडा काढते, म्हणून दोन मीटर थोडे वेगळे आकडे दाखवतील, त्यात जीव अडकवू नका. आमच्या नळाचा एप्रिलमधला आकडा आला 940. त्याच नळाचा ऑगस्टमध्ये आला 70! एकच नळ, एकच विहीर. म्हणून कुणी विचारलं ना, की आमच्या गावचं पाणी झाडांना चालेल का, तर मी विचारते, कुठल्या महिन्यातलं?

आता क्लोरीनचं सांगून टाकते. ते व्हिडिओ खोटे नव्हते, ते दुसऱ्या देशातल्या नळाचे होते, आणि तिथेही तो उपाय सगळीकडे चालत नाही. अमेरिकेत बऱ्याच शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन घालतात आणि तो रात्रभर ठेवून उडतच नाही, त्याला व्हिटॅमिन सी नाहीतर कोळशाचा फिल्टर लागतो. तिथे दातांसाठी पाण्यात फ्लोराइडही मुद्दाम घालतात आणि ड्रॅसिना, स्पायडर प्लांट त्याला नाजूक, म्हणून ते लोक फ्लोराइडच्या नावाने ओरडतात. आपल्याकडे फ्लोराइड कुणी नळात घालत नाही. आपल्या गावात पडते ती टीसीएल पावडर, ब्लिचिंगची. नळापाशी क्लोरीन लिटरला 0.2 मिलिग्रॅम तरी उरायला हवा असा नियम आहे आणि तेवढ्याने कुंडीतल्या झाडाला काही होत नाही, मातीतला पालापाचोळाच तो संपवून टाकतो. ज्या दिवशी टाकी धुऊन भसाभस पावडर पडलीय आणि पाण्याला वास मारतोय त्या दिवशी मात्र थांबा, रुंद तोंडाच्या टबात पाणी एक दिवस ठेवा, वरून पातळ फडकं बांधा. बाटलीत ठेवलंत तर काही उडणार नाही, हवा लागायला हवी ना. घाई असेल तर मासेवाल्यांच्या, म्हणजे फिश टँकच्या दुकानात अँटी-क्लोरीन मिळतं.

काही जण म्हणतील पाणी उकळून घेतो. उकळून क्लोरीन जातो, जंतू मरतात, पण मीठ? डाळ आटवली की खारट होते, तसंच हे. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, मीठ नाही. कोळशाच्या फिल्टरने वास जातो, मीठ नाही. जांभ्या दगडातल्या काही विहिरींना लोह असतं, बादलीला तांबूस डाग पडतात, ते मात्र सोपं, पाणी एका बादलीतून दुसऱ्या बादलीत उंचावरून चार-पाच वेळा ओता, रात्रभर ठेवा, लोह गंजासारखं खाली बसतं, वरचं पाणी फडक्यातून गाळून घ्या. दोष कुठला ते कळल्याशिवाय औषध नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर पाणी अल्कलाइन असून झाडाला लोह उचलता येत नसेल. बादलीत अर्ध्या लिंबाचा रस चालेल, आगळ नको.

मीठ काढायचं मशीन म्हणजे आरओ. पण त्यातून जे पाणी बाहेर टाकलं जातं ते बऱ्याच घरांत झाडांना जातं, वाया नको म्हणून, हेतू चांगलाच. त्याचा साधा हिशोब करा. मशीनने चार लिटर पाणी घेतलं, एक लिटर पिण्याचं दिलं, तीन लिटर बाहेर टाकलं, तर चार लिटरातलं जवळपास सगळं मीठ त्या तीन लिटरात आलं. पाणी 150 टीडीएसचं असेल तर ते 200 झालं, काही बिघडत नाही, घाला खुशाल. पण एप्रिलमधल्या 940 चं साडेबाराशे होणार. ते लादी पुसायला ठेवा.

आणि मग उरतो पाऊस. आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कधी श्रावणात गेलात तर बघा, जांभ्या कातळावर बोटभर मातीत दवबिंदू उगवतो, सीतेची आसवं उगवतात, किडे खाणारी झाडं ती! मातीत आणि पाण्यात काही नाही म्हणून किडे धरतात. दवबिंदूसारख्याला नळाचं पाणी दिलंत तर तो चांगुलपणाने मरेल. सीतेची वेणी हे आपलं ऑर्किड, तेही झाडावर लटकून पावसावरच जगतं. बाजारातल्या ऑर्किडचा स्वभावही साधारण तोच, म्हणून ऑर्किडला तरी मी वर्षभर पावसाचंच पाणी देते.

एवढं पाणी साठवायचं कुठे असं वाटेल, पण घरातल्या झाडांना लागतं किती? माझ्याकडे बारा कुंड्या, रोजचं सरासरी दीड लिटर. मार्च ते मे नव्वद-ब्याण्णव दिवस, म्हणजे एकशे चाळीस लिटर. दोनशे लिटरचं एक पिंप! एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, त्यामुळे दहा चौरस मीटर कौलांखाली वीस मिलिमीटरच्या सरीत पिंप भरलं, आणि आपल्याकडे वीस मिलिमीटर म्हणजे चहा होईपर्यंत. जूनचा पहिला पाऊस मात्र घेऊ नका, त्यात कौलांवरची धूळ, शेवाळ, कावळ्यांचं सगळं आलं. मी सप्टेंबरअखेरीस, पाऊस परत फिरताना भरते, तोवर छप्पर धुऊन लख्ख झालेलं असतं. पिंप काळं किंवा निळं घ्या, आत उजेड शिरला की शेवाळ धरतं. तोंडाला दुहेरी कापड बांधून वर झाकण घट्ट लावा, नाहीतर झाडं वाचतील आणि घरात डेंग्यू व्हायचा. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, बाटलीतल्या मनी प्लांटचं पाणीही म्हणून आठवड्याला बदला. पिंपातलं कमी पडलं तर नळाच्या पाण्यात अर्धं-अर्धं करा, 940 चं पाचशेच्या आत येतं.

पण तरी एक राहतंच. झाड पाणी पितं, मीठ कुंडीत टाकून देतं. परसातल्या जास्वंदीला मेमध्ये मचूळ पाणी घातलं तरी जुलैत धो धो पाऊस ते सगळं धुऊन नेतो. घरातल्या कुंडीवर पाऊस पडतच नाही! कुंडीच्या कडेला पांढरी खपली धरते ना, ते वर्षावर्षाचं साठलेलं. आणि खालच्या बशीत उतरलेलं पाणी आपण ओतून देत नाही, तेच कुंडी परत शोषून घेते.

म्हणून आता जुलै लागला की मी सगळ्या कुंड्या एकेक करून पागोळ्यांखाली नेते. धार थेट मातीवर पडली तर खड्डा पडतो, मुळं उघडी पडतात, म्हणून मातीवर करवंटी उपडी ठेवायची, धार तिच्यावर फुटते. कुंडीच्या आकाराच्या दुप्पट तरी पाणी तिच्यातून जायला हवं, पण हळूहळू. मध्येच ऊन आलं तर पटकन आत, सावलीतल्या पानांना ते चटका देतं. गेल्या वर्षी पीस लिलीच्या कुंडीतून खाली गळणारं पाणी वाटीत धरून मीटर बुडवला तर 1800 आला, मी मीटरच बिघडला म्हणून झटकून बघितला. तीन सरी गेल्यावर 210. सासूबाईंना आकडा दाखवला तर म्हणाल्या, "चाय ठेव आता."