पेन्सिलीनं लिहिलेली यादी

नमस्कार श्रोतेहो.

परवा आम्ही चार सिनेमावेडी माणसं बऱ्याच दिवसांनी एकत्र बसलो होतो. त्यातल्या एका मैत्रिणीनं सहज विचारलं, "गेल्या दशकातला सगळ्यांत चांगला सिनेमा कोणता? एकच नाव सांगायचं." झालं! पुढचे तीन तास कुणी कुणाला वाक्य पुरं करू दिलं नाही. पहिला अर्धा तास तर दशक सुरू कधी झालं यातच गेला. आमच्यातला एक जण गणिताचा. त्याचं म्हणणं, शून्य साल कधी नव्हतंच, तेव्हा दशक २०११ ते २०२०. बाकीचे म्हणाले, अरे, साठचं दशक म्हणतो तेव्हा १९६० साल आपण बाहेर ठेवतो का? ऐकायला हे पोरकट वाटेल, पण 'द सोशल नेटवर्क' आत की बाहेर हे त्यावर ठरणार होतं, कारण तो २०१०चा. आणि गणितवाल्याला तो सिनेमा मुळीच आवडत नाही, हे आम्हा तिघांना पक्कं ठाऊक होतं. शेवटी तीन विरुद्ध एक मतांनी २०१० ते २०१९ ठरलं.

एकमत काही झालं नाही. त्याचं मला वाईटही वाटलं नाही, कारण भल्याभल्यांचं होत नाही. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक १९५२पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांना विचारत आलंय, की आजवरचे सर्वोत्तम दहा सिनेमे सांगा. पहिल्या खेपेला पहिला आला 'बायसिकल थीव्ह्ज'. तेव्हा तो अवघ्या चार वर्षांचा होता. १९६२ला तो घसरला आणि १९७२ला पहिल्या दहातूनच गेला. सिनेमा तोच, हरवलेली सायकल तीच, रस्तोरस्ती ती शोधणारे बापलेक तेच. उलट 'सिटिझन केन' १९४१चा, पण १९५२च्या पहिल्या दहात त्याचा पत्ता नव्हता. मग १९६२पासून २००२पर्यंत, म्हणजे ओळीनं पाच खेपा, तो पहिल्या जागेवरून हलला नाही. २०१२ला 'व्हर्टिगो'नं त्याला उठवलं आणि २०२२ला 'व्हर्टिगो'ला उठवलं शांताल आकरमान यांच्या 'जान दीलमान'नं. हा सिनेमा १९७५चा, लांबी २०१ मिनिटं. एक बाई बटाटे सोलते, अंथरुणं घालते, भांडी घासते, आणि कॅमेरा जागचा न हलता तिच्याकडे बघत राहतो. म्हणजे जगातला सर्वोत्तम सिनेमा ही उपाधी त्याला मिळाली ती सत्तेचाळिसाव्या वर्षी.

त्याच २०२२च्या मतदानात सोळाशेहून जास्त लोकांनी मतं दिली. शंभर सिनेमांच्या त्या यादीत आपल्या या दशकातले किती असावेत? फक्त चार. 'पोर्ट्रेट ऑफ अ लेडी ऑन फायर', 'मूनलाइट', 'पॅरासाइट' आणि 'गेट आउट'. त्यातला एकही पहिल्या पंचविसात नाही. 'मूनलाइट'वरून आठवलं, २०१७च्या ऑस्कर समारंभात चुकीचं पाकीट हातात पडलं आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून 'ला ला लँड'चं नाव पुकारलं गेलं. मंडळी मंचावर आली, आभाराची भाषणं सुरू झाली, आणि मग कळलं की बाहुली दुसऱ्यांची आहे. त्या रात्री सगळं जग त्या गोंधळावर बोलत होतं. पाच वर्षांनी बघावं तर त्या शंभरात 'मूनलाइट' आहे, 'ला ला लँड' नाही.

आता दुसऱ्यांच्या चुका काढून झाल्या, थोड्या माझ्याही सांगतो.

'मॅड मॅक्स : फ्यूरी रोड' पहिल्यांदा पाहून आलो तेव्हा मी म्हटलं होतं, दोन तास गाड्या एका दिशेनं धावतात, मग वळतात आणि आल्या वाटेनं परत जातात. हे वर्णन आजही चूक नाही, गोष्ट खरोखर तेवढीच आहे. काही वर्षांनी एका रात्री, घरातले झोपले होते म्हणून, मी तोच सिनेमा आवाज बंद करून लावला आणि चक्क शेवटपर्यंत बघत बसलो. लक्षात आलं की इतके भराभर तुकडे बदलताहेत, तरी माझे डोळे पडद्यावर कुठेच भटकत नाहीत. त्यामागे युक्ती आहे. दिग्दर्शक जॉर्ज मिलर यांनी बघायची गोष्ट, मग तो चेहरा असो, हात असो की बंदुकीची नळी, जवळजवळ प्रत्येक वेळी पडद्याच्या बरोबर मध्यावर ठेवायला लावली. नवा तुकडा आला की डोळा आधीच तिथे हजर असतो, त्याला शोधाशोध करावी लागत नाही. चित्रण झालं होतं सुमारे ४८० तासांचं. त्यातून हा दोन तासांचा सिनेमा कापून काढला मार्गारेट सिक्सेल यांनी. त्यांनी त्याआधी कधी मारधाडीचा सिनेमा संकलित केलेला नव्हता. ऑस्कर मिळालं त्यांना, आणि मिळायलाच हवं होतं. तेव्हा त्या सिनेमाची मी मनातल्या मनात क्षमा मागितली. पहिला नंबर मात्र दिला नाही, कारण कारागिरीपुढे मान झुकते, पण सिनेमा संपल्यावर मला त्याच्याशी बोलायला काही उरत नाही.

'बॉयहूड'चं नेमकं उलटं झालं. रिचर्ड लिंकलेटर यांनी त्याच नटांना घेऊन बारा वर्षं, दरवर्षी थोडं थोडं चित्रण केलं. सहा वर्षांचा मुलगा आपल्या डोळ्यांदेखत अठराचा होतो. २०१४ला मी छातीठोकपणे सांगत सुटलो होतो की दशक संपलं, आता कुणी सिनेमा काढायची गरज नाही. पुन्हा पाहिला तेव्हा मधले भाग मला पाणचट वाटले. पहिल्या वेळी मी सिनेमा बघतच नव्हतो, पोराची उंची वाढताना बघत होतो. पण एक जागा अजून तशीच्या तशी लागते. मुलगा कॉलेजला निघालाय, सामान बांधतोय, आणि आई एकाएकी रडायला लागते. लग्नं, घटस्फोट, शिक्षण, नोकरी, सगळं उरकत आणलं, आणि हे एवढंच होतं का, असा तिचा सवाल आहे. मुलगा गोंधळून बघत राहतो. त्या वयात दुसरं काय करणार?

आमच्या त्या बैठकीत सगळ्यात जोरात बाजू मांडली गेली ती 'पॅरासाइट'ची. बोंग जून-हो यांचा हा कोरियन सिनेमा २०१९चा. फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार, आणि पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर, जे त्याआधी इंग्रजी सोडून दुसऱ्या कुठल्याच भाषेतल्या सिनेमाला मिळालं नव्हतं. त्यातला पाऊस आठवा. टेकडीवरच्या बंगल्यातून ते कुटुंब निसटतं आणि पायऱ्या उतरत जातं, उतरतच जातं, आणि त्यांच्याबरोबर पाणीही खाली धावत असतं. वर त्याच पावसात बंगल्यातला लहान मुलगा हिरवळीवर तंबू ठोकून मजेत झोपलेला. खाली तळघरात गटाराचं पाणी उसळतंय, आणि घरातली मुलगी उसळणाऱ्या संडासाच्या झाकणावर बसून सिगारेट ओढतेय. या एका दृश्यासाठी मी 'पॅरासाइट'ला काय वाट्टेल ते देईन, पण पहिली जागा नाही. माझी तक्रार ऐकून मित्र खवळले होते, तुम्हीही खवळाल. हा सिनेमा घड्याळासारखा बनवलाय. प्रत्येक चाक दुसऱ्यात बसलेलं. तिसऱ्यांदा पाहतानाही तो मला नेमकं तेच सांगतो जे पहिल्यांदा सांगितलं होतं. इतकं चोख सांगून झाल्यावर मी कशाला हवा?

मध्येच कुणीतरी मालिकांचा विषय काढला. 'काये द्यु सिनेमा' या फ्रेंच मासिकानं दशकातला सर्वोत्तम सिनेमा म्हणून डेव्हिड लिंच यांच्या 'ट्विन पीक्स : द रिटर्न'चं नाव दिलं, जी अठरा भागांची टीव्ही मालिका आहे. यावर वाद घालायला माझ्यात त्राण नव्हतं. भज्याला कुणी वडा म्हणालं तर म्हणू द्यावं.

आता थोडं आवाजाबद्दल, कारण आपण रेडिओवर आहोत. आमच्या या माध्यमात शांततेचं फार भय. मी बोलता बोलता चार सेकंद थांबलो तर समोरच्या काचेपलीकडची माणसं हात हलवायला लागतात. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'मध्ये, २०१६ साली, याच शांततेनं प्रेक्षागृहं गोठवली. ज्यांनी अजून पाहिला नसेल त्यांनी मिनिटभर आवाज बारीक करावा. पहिल्या अर्ध्यात अजय-अतुल यांच्या संगीताचा नुसता धुमाकूळ आहे, लोक खुर्च्या सोडून नाचले. आणि शेवटाला शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं तान्हं पोर घरात परत येतं, तेव्हा पडद्यावरचा आवाजच काढून घेतलेला असतो. पोर रडताना दिसतं, ऐकू येत नाही. ते मागे फिरून चालू लागतं आणि फरशीवर छोट्या पावलांचे ठसे उमटत जातात. तासाभरापूर्वी शिट्ट्या मारणारी माणसं माझ्या आजूबाजूला बसून होती. दिवे लागले तरी उठायचं कुणाला सुचेना. माझ्या यादीत 'सैराट' आहे, आणि आपल्या भाषेतला म्हणून सवलतीनं नाही.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट'ही आहे, २०१४चा. त्यातले न्यायाधीश शेवटी सुट्टीवर जातात, बागेतल्या बाकावर दुपारची डुलकी काढत बसतात. पोरं गंमत म्हणून एकदम ओरडून त्यांना उठवतात, आणि ते दचकून उठून हाताशी लागलेल्या पोराला एक ठेवून देतात. मग परत डोळे मिटतात. अख्खा खटला तुम्ही विसरलात तरी ती चपराक विसरणार नाही.

आणि आता माझं नाव. 'अ सेपरेशन', इराण, २०११, दिग्दर्शक असगर फरहादी. बर्लिन चित्रपट महोत्सवाचं सुवर्ण अस्वल, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार, त्याला मिळालं, इराणला पहिलं ऑस्करही त्यानंच मिळवून दिलं. पण मी पुरस्कारांवर जात नाही, ते आताच सांगून झालंय.

पहिल्याच दृश्यात नवरा-बायको समोर बसलेत आणि थेट आपल्याकडे बघून भांडताहेत. न्यायाधीशाचा नुसता आवाज येतो, तो दिसत नाही, कारण त्याच्या खुर्चीत आपल्याला बसवलंय. सिमीनला मुलीच्या भल्यासाठी देश सोडायचाय. नादेरला म्हाताऱ्या बापाला सोडता येत नाही, आणि त्या बापाला आता मुलगाही ओळखू येत नाही. सिमीन माहेरी जाते. बापाला सांभाळायला राझिये नावाची एक गरीब, देवभोळी, गरोदर बाई ठेवली जाते. एक दिवस नादेर घरी येतो तर बाई जागेवर नाही, आणि बाप पलंगाला हात बांधलेल्या अवस्थेत खाली पडलेला. तो तिला दाराबाहेर ढकलतो. तिचं पोट पडतं. खटला उभा राहतो.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी पूर्णपणे नादेरच्या बाजूनं होतो. बापाचे हात बांधलेले पाहिल्यावर कोण नसेल? दुसऱ्यांदा मला सिमीनचं पटायला लागलं. हा माणूस तत्त्वाचा आहे, पण बायकोला थांब म्हणायला त्याची जीभ रेटत नाही. मग एकदा मी सगळा सिनेमा राझियेकडे बघत काढला. म्हाताऱ्यानं कपडे खराब केलेत, आणि परक्या पुरुषाचे कपडे बदलले तर पाप लागेल का, हे ती फोन करून विचारते. तिची लहान पोरगी शेजारी उभी राहून सांगते, मी बाबांना नाही सांगणार. अलीकडे मी फक्त नादेरच्या मुलीकडे बघतो, तेरमेकडे. ती अकरा वर्षांची आहे, अभ्यासाची वही समोर ठेवून मोठ्यांचं सगळं ऐकत असते, आणि एका क्षणी बापाला वाचवण्यासाठी न्यायाधीशासमोर खोटं बोलते. मग गाडीत तिच्या डोळ्यांतून पाणी येतं. दर खेपेला मी निकाल देतो आणि पुढल्या खेपेला तो फिरवतो. सिनेमातलं एक अक्षर बदललेलं नसतं.

शेवट असा. तेरमेनं ठरवायचंय, आईकडे राहायचं की बापाकडे. ती म्हणते, माझं ठरलंय. न्यायाधीश आईबापांना बाहेर थांबायला सांगतात. दोघं बाहेर येतात. एक काचेच्या या बाजूला, एक त्या बाजूला. लोक ये-जा करताहेत, कुठंतरी कुणी भांडतंय. आणि श्रेयनामावली सुरू होते.

हे मी त्या बैठकीत एवढंच सांगितलं आणि थांबलो. मैत्रिणीनं कागदावर चार जणांची चार नावं पेन्सिलीनं लिहून घेतली. निकाल लागला नाही म्हणून आम्ही उठलो, चपला घातल्या. दारात गणितवाला म्हणाला, "पण ती आईकडेच गेली असणार." मी म्हटलं, "कशावरून? खोटं ती बापासाठी बोलली होती." "म्हणूनच," तो म्हणाला. मैत्रीण म्हणाली, दोघांनाही काही कळत नाही. चौथा आतापर्यंत गप्प होता, त्यानं चपला परत काढल्या.

नमस्कार.