युरिक अ‍ॅसिड वाढलं म्हणून दूध सोडू नका

गाऊटचा, म्हणजे युरिक अ‍ॅसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीचा, रुग्ण समोर बसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: डॉक्टर, काय खायचं बंद करू? हाडांबद्दल सहसा कुणी विचारत नाही. म्हणून आज मी हाडांबद्दलच बोलणार आहे.

रक्तातलं युरिक अ‍ॅसिड १०० मिलिलिटरमागे ६.८ मिलिग्रॅमच्या वर राहू लागलं, की सांध्यात त्याचे सुईसारखे स्फटिक साचू शकतात. एखाद्या रात्री पायाचा अंगठा असा सुजतो की चादरीचा स्पर्शही नको होतो. आठवड्या-दोन आठवड्यांत दुखणं उतरतं आणि माणूस निर्धास्त होतो. स्फटिक मात्र तिथेच असतात. वर्षानुवर्षं साचत गेले की त्यांच्या गाठी होतात. त्या गाठींभोवती हाड पोखरणाऱ्या पेशी जोर धरतात, हाड बांधणाऱ्या मंदावतात. मग एक्स-रेमध्ये सांध्याच्या कडेला हाड कुरतडलेलं दिसतं.

पण सांध्याजवळ हाड झिजलं म्हणजे अंगातली सगळी हाडं ठिसूळ झाली, असं नाही. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या एका मोठ्या अभ्यासात गाऊट असलेल्या स्त्रियांमध्ये खुब्याचं हाड मोडण्याचा धोका थोडा जास्त आढळला होता. ब्रिटनमधल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा अस्थिभंगाच्या प्रमाणात तसा फरक दिसला नाही. मला स्वतःला जास्त काळजी वाटते ती आजाराच्या आजूबाजूला जे घडतं त्याची.

त्यात सगळ्यात आधी स्टेरॉइड. गाऊटचा झटका आला की डॉक्टर थोडे दिवस प्रेडनिसोलोन देतात, ते योग्यच आहे. पण आराम पडला म्हणून तीच चिठ्ठी दाखवून माणसं महिनोन्‌महिने गोळ्या आणतात. कुणी ‘सांधेदुखीची पावडर’ घेतो. अशा काही पावडरींमध्ये न सांगता स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. स्टेरॉइडने हाडं सर्वांत वेगाने झिजतात ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत, आणि ते कळतही नाही. मात्र अशा गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर आज घरी जाऊन एकदम बंद करू नका, त्यातही जिवाला धोका असतो. डॉक्टरांना सांगून हळूहळू कमी करा.

दुसरं म्हणजे पथ्य. कलेजी, सुकट, तारली, बिअर यांना आवर घाला. दूध-दही का सोडता? दुधाने युरिक अ‍ॅसिड वाढत नाही, उलट कमी साईचं दूध घेणाऱ्यांत गाऊट कमी आढळतो. डाळ आणि पालकालाही उगाच बदनाम केलंय. दूध गेलं, डाळ गेली, दुखतं म्हणून चालणं गेलं, ऊनही अंगावर पडेना, तर त्या हाडांनी जगायचं कशावर? वाटीभर दही आणि नाचणीची भाकरी रोजच्या ताटात असू द्या.

मूत्रपिंड कमजोर असेल तर ‘ड’ जीवनसत्त्व शरीरात नीट कार्यरत होत नाही. अशांनी कॅल्शियमच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत.

आणि युरिक अ‍ॅसिड कमी करणारं औषध, अ‍ॅलोप्युरिनॉल. सुरुवातीच्या महिन्यांत ते घेत असतानाही झटका येऊ शकतो. लोक घाबरून गोळी सोडतात, पण ती चालू ठेवायची असते. युरिक अ‍ॅसिड ६ च्या खाली टिकलं की स्फटिक विरघळू लागतात. साठी उलटलेल्या ज्यांनी तीन महिन्यांहून जास्त स्टेरॉइड घेतलंय, त्यांनी हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीबद्दल डॉक्टरांना नक्की विचारावं.