चार मीटरच्या आत बसवलेली गाडी

(कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय ‘छोटी एसयूव्ही घेताना’ असा दिलाय. इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांनी गाडी आधीच ठरवलेली असणार, माझ्याकडून फक्त ‘बरोबर हाय तुमचं’ एवढंच ऐकायचं असणार. त्यांची जरा निराशा होईल. मी कुठल्या गाडीचं नाव सुचवणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की जे नंतर बसवता येतं त्याच्यासाठी वरचं मॉडेल घेऊ नका, आणि जे नंतर काही केल्या बदलता येत नाही तिथं हात आखडू नका.

पण आधी ही गाडी आली कुठनं ते बघू. जाहिरातीत ती डोंगरातनं येते. खरी आली ती अर्थसंकल्पातनं. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरनं १६ वर आणलं, आणि छोटी गाडी कुणाला म्हणायचं तेही लिहून टाकलं. लांबी ४,००० मिलिमीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत, डिझेल १,५०० पर्यंत. झालं, सगळ्या कंपन्या पट्टी घेऊन बसल्या. २००८ ला इंडिगोची डिकी आखूड करून इंडिगो सीएस आली, २०१२ ला डिझायरची डिकी तशीच छाटली. उंच गाड्यांमध्ये चिंचवडच्या प्रीमियरनं २००९ मध्ये रिओ काढली होती, आठवत असेल कुणाला तर. ती चालली नाही. बाजार खरा उघडला २०१३ च्या इकोस्पोर्टनं. मग २०१६ ला ब्रेझा, २०१७ ला नेक्सॉन, २०१९ ला व्हेन्यू, आणि नंतर तर रांगच लागली. आज ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, फ्रॉन्क्स, कायलाक यांची माहितीपत्रकं शेजारी शेजारी ठेवा. प्रत्येकीची लांबी ३,९९५ मिलिमीटर. पाच मिलिमीटर तेवढे सरकारसाठी सोडलेत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला तरी ही रेघ तिथंच राहिली. रेघेच्या आतल्या गाडीला १८ टक्के, बाहेरच्या गाडीला ४०. आता यातली गंमत बघा. ब्रेझा लांबीत बसते, पण तिचं पेट्रोल इंजिन दीड लिटरचं, म्हणून तिला ४० टक्के. आणि थारचं मागच्या चाकांवर चालणारं दीड लिटर डिझेल मॉडेल दोन्ही मापात बसतं, त्याला १८. म्हणजे बायको-पोरांना घेऊन भाजी आणायला जाणारी गाडी मोठी आणि थार छोटी! तेव्हा कर कमी म्हणून गाडी स्वस्तात पडली असं समजू नका. शेवटी किती मोजावे लागतात ते बघा.

या चार मीटरचा परिणाम तुमच्या घरापर्यंत येतो. लांबी वाढवता येत नाही म्हटल्यावर कंपन्या गाडी रुंद आणि उंच करतात. नेक्सॉन १,८०४ मिलिमीटर रुंद आहे, पंच १,७४२. हा सहा सेंटिमीटरचा फरक शोरूममध्ये कळत नाही. शिवाजी पेठेतल्या बोळात, एका बाजूला लावलेल्या चार मोटारसायकली आणि दुसऱ्या बाजूला कट्टा, तिथं बरोबर कळतो. पेठेत राहणाऱ्यांनी टेप घेऊन आपला बोळ मोजावा, आरशांसकट. यात लाजायचं काही नाही, गाडी रोज तुम्हालाच आत घालायची आहे.

आत बसल्यावरही तोच हिशोब. मागच्या माणसाचे गुडघे मोकळे ठेवले तर डिकी आखडते, डिकी वाढवली तर गुडघे पुढच्या सीटला टेकतात. सीएनजी घेतलात तर टाकी डिकी खाते. आता काहींनी एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या तळाशी बसवल्यात, त्यात दोन बॅगा तरी राहतात. पण त्या टाक्यांची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते, आणि आपल्या भागात पंपावरची रांग किती असते ते रिक्षावाल्या दादांना विचारा.

आता उंचीवर जरा थांबतो. लोक ही गाडी का घेतात? घाटासाठी, खड्ड्यांसाठी असं सांगतात. मला विचाराल तर निम्म्या घरांत ती आई-वडिलांच्या गुडघ्यांसाठी घेतली जाते, फक्त तसं कुणी बोलत नाही. हॅचबॅकमध्ये म्हाताऱ्या माणसाला खाली उतरून बसावं लागतं आणि उठताना दाराला लोंबकळावं लागतं. उंच गाडीत सीट कमरेच्या पातळीला येते. म्हणून शोरूमला जाताना घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला घेऊन जा, आणि सेल्समनला गप्प बसवून फक्त बघा. आजी आधी पाठमोरी होते, सीटच्या कडेवर टेकते, मग दोन्ही पाय एकदम आत घेते. या वेळी दाराखालचा उंबरठा किती उंच आणि किती रुंद आहे ते महत्त्वाचं. तो रुंद असला की लुगड्याचा काठ घासून काळा होतो आणि टाच अडकते. दार किती उघडतं तेही बघा. पंचचं दार जवळजवळ काटकोनात उघडतं, सगळ्यांचं तसं नाही. फ्रॉन्क्ससारखी उतरत्या छपराची गाडी दिसायला देखणी, पण मागं बसताना डोकं वाकवावं लागतं. ब्रेझाची उंची १,६८५ मिलिमीटर, फ्रॉन्क्सची १,५५०. आजी कुठल्या गाडीत कुणाचा हात न धरता बसली ते लक्षात ठेवा. सीट नंतर उंच करून मिळत नाही.

उंचीवरून दुसरा गैरसमज पाण्याचा. ‘ग्राउंड क्लिअरन्स २०० च्या वर आहे, आता पुराची भीती नाही,’ असं म्हणणारे भेटतात. ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे गाडीचा तळ जमिनीपासून किती मिलिमीटर वर आहे ते माप. आपण कोल्हापूरची माणसं, आपल्याला हे सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. तिथं २०८ मिलिमीटर म्हणजे किती? वीतभर. आणि हे माप गाडी रिकामी असतानाचं. पाच माणसं आणि गावाकडचं तांदळाचं पोतं टाकलं की तेही कमी होतं.

पाण्यात गाडी मरते ती तळ भिजला म्हणून नाही, इंजिननं पाणी ओढलं म्हणून. बॉनेट उघडा, पुढच्या जाळीच्या मागं काळी प्लास्टिकची नळी दिसेल. तिच्यातनं इंजिन हवा घेतं. तिचं तोंड कुठल्या उंचीवर आहे, ही तुमची खरी पाण्याची मर्यादा, आणि ती गाडीगणिक वेगळी असते. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. उद्यमनगरातल्या मशीनवाल्यांनी असे रॉड बघितलेत. म्हणून पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा किल्ली फिरवायची नाही. ढकलून बाहेर काढा, टोइंग बोलवा, काहीही करा, स्टार्टर मारू नका. आणि साध्या विम्यात हे नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची जोड वेगळी घ्यावी लागते. गंगावेस, शाहूपुरी, रमणमळा, नदीकाठची गावं, इथल्या माणसानं सीट कव्हरचे पैसे वाचवावेत आणि ही जोड घ्यावी.

घाटाचं बोलू. आपल्याला गगनबावडा आहे, आंबा आहे, फोंडा आहे, आंबोली आहे. कोकणात एकही पाहुणा नाही असं घर इथं दुर्मीळ. या गाड्यांतली बरीच इंजिनं सव्वा लिटरची साधी, टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) नसलेली. त्यांची ओढ साधारण ११३ ते ११५ न्यूटन-मीटर, आणि तीही इंजिन बरंच फिरवल्यावर मिळते. गावात एकटा माणूस असेल तर काही अडत नाही. पण पाच जण, एसी चालू, वैभववाडीकडनं करूळ घाट चढताय आणि वळणावर पुढं उसाचा ट्रक. तिथं गिअर दोनवर आणावा लागतो आणि गाडी ओरडायला लागते. टर्बो पेट्रोल घेतलं तर फ्रॉन्क्समध्ये १४८, नेक्सॉनमध्ये १७०, कायलाकमध्ये १७८ मिळते. फक्त टर्बो सुरुवातीला जरा झोपलेला असतो, इंजिन फिरायला लागल्यावर जागा होतो. ही सवय टेस्ट ड्राइव्हमध्ये करून बघा. शोरूमवाले कावळा नाक्याच्या सपाट रस्त्यावर फिरवून आणतात. म्हणावं, चला जोतिबाला. घरची चार माणसं बसवा, चढावर मध्येच थांबवा आणि पुन्हा उचला. ‘सर, तेवढं परमिशन नाही,’ असं म्हणाले तर दुसऱ्या शोरूमला जा.

याच चढावर ऑटोमॅटिकची परीक्षा होते. स्वस्तातलं ऑटोमॅटिक म्हणजे एएमटी. गिअरबॉक्स साधाच, क्लच दाबायचं काम यंत्र करतं. देखभाल सोपी, मायलेज चांगलं, पण गिअर बदलताना गाडी मान हलवते आणि चढावर मागं सरकू शकते. तेव्हा हिल होल्ड, म्हणजे चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय, असल्याशिवाय एएमटी घेऊ नये. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातनं ताकद पुढं देणारं ऑटोमॅटिक, गुळगुळीत चालतं, किंमत जास्त. महाद्वार रोडच्या गर्दीत रोज जाणाऱ्यानं ते पैसे टाकले तर मी त्याला उधळ्या म्हणणार नाही.

डिझेलचा मोह आपल्याकडं अजून आहे. हिशोब करू. पेट्रोल लिटरला १०४ आणि डिझेल ९१ धरा, पेट्रोल गाडी १५ देते आणि डिझेल १९. किलोमीटरमागं साधारण दोन रुपये चौदा पैसे वाचतात. डिझेल गाडी सव्वा लाखानं महाग असेल तर ते पैसे भरून यायला ५८ हजार किलोमीटर लागतात. शिवाय महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला रस्ता कर ११ टक्के, डिझेलला १३. आणि एक जाळीचं दुखणं आहे. बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमातल्या, डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते, ती तापून स्वतःला साफ करते. तापायला सलग पळणं लागतं. राजारामपुरी ते उद्यमनगर जाऊन येणाऱ्या गाडीत ती तापतच नाही, तुंबते, आणि दिवा लागतो. आठवड्याला पुणे करणाऱ्यानं डिझेल खुशाल घ्यावं. बाकीच्यांनी ‘डिझेलचा पिकअप लई भारी’ यावर समाधान मानावं आणि पेट्रोल घ्यावं. इलेक्ट्रिक ज्याच्या दारात स्वतःचा प्लग आहे त्याला परवडते, जीएसटी फक्त ५ टक्के. पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहून खाली वायर सोडायची असेल तर नको.

सुरक्षेवर मी वाद घालत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉनला ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटून तपासणाऱ्या संस्थेचे पाच तारे मिळाले, भारतीय बनावटीच्या गाडीला पहिल्यांदाच. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली भारत एनकॅप चाचणी सुरू झाली. तारे बघा, लहान मुलांचे तारे वेगळे असतात तेही बघा. मागच्या मधल्या माणसाला तीन टोकांचा पट्टा आणि मानेला आधार आहे का, तेही बघा. तिथं बहुतेक वेळा घरातलं पोर बसतं. एअरबॅग, स्थिरता नियंत्रण, पट्टे, यातलं काही नंतर बसवून मिळत नाही. मोठा स्क्रीन, मागचा कॅमेरा, अलॉय व्हील, सीट कव्हर हे सगळं मिळतं. फक्त वायर कापून नको, कपलरला, म्हणजे कंपनीच्याच जोडाला, लावून. नाहीतर वॉरंटीवाले हात वर करतात.

मागनं एक भाऊ विचारतायत, ‘सर, सनरूफ नंतर बसवता येत नाही, मग तुमच्या नियमानं ते घ्यायला पाहिजे की!’ पकडलंत मला. ज्याला पोरांसाठी घ्यायचंय त्यानं घ्यावं, पण आपल्या पावसात त्याच्या चार कोपऱ्यांतल्या पाणी जायच्या नळ्या पानं-धूळ अडकून तुंबतात, त्या साफ ठेवाव्या लागतात. आणि छपरात यंत्रणा बसते म्हणून उंच माणसाच्या डोक्यावरची जागा जाते. गाडी लावायची पिंपळाखाली आणि सनरूफ हौसेनं, असं जमत नाही.

किमतीचं विचारताय तर ‘ऑन रोड’ आकडा कधी एकरकमी ऐकू नका, फोडून मागा. शोरूम किंमत, रस्ता कर, विमा, आणि मग उरलेले ‘हँडलिंग’, ‘किट’ वगैरे. गाडी दहा लाखांच्या वर गेली की १ टक्का टीसीएस, म्हणजे विकतानाच आगाऊ घेतलेला आयकर, लागतो, तो विवरणपत्र भरताना वळता करता येतो. विमा शोरूमकडनंच घ्यावा असं बंधन नाही. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा सक्तीचा आहे, बाकीचा भाग एक वर्षाचा घेता येतो. बाहेरनं दोन दर काढा आणि तिथं दाखवा, आकडा आपोआप हलतो.

आणि पाडव्याला किंवा दसऱ्याला गाडी घेणाऱ्यांसाठी. त्या दिवशी शोरूममध्ये हार, पेढे, फोटो, तीसेक गाड्या एका रांगेत. तपासायला ना तुम्हाला वेळ असतो ना त्यांना. म्हणून नोंदणी व्हायच्या आधी, दोन-तीन दिवस अगोदर, यार्डात जाऊन तुमच्याच चासी नंबरची गाडी बघा, उजेडात. बनावटीचा महिना-साल गाडीवरच्या पट्टीवर असतं. टायरवर चार आकडे असतात, २३२५ असेल तर २०२५ चा तेविसावा आठवडा. पाचही टायरांचे बघा, स्टेपनी विसरू नका. मागच्या सालातली गाडी निघाली तर घ्यायचीच नाही असं नाही. पण पुढं विकताना आरसीवर तेच साल दिसणार, तेव्हा सवलत त्या हिशोबानं मागा. नंबर पडल्यावर मागून उपयोग नाही.