पट्टीचा हिशोब नव्या मशीनवर

(दृश्य: मिरकरवाडा बंदर, पावसाआधीची सकाळ, ओढून ठेवलेल्या बोटी)

जून लागला की रत्नागिरीत दोन कामं एकदम थांबतात. बंदरात 1 तारखेपासून मासेमारी बंद, बोटी शाकारून झालेल्या, आणि इकडे आमच्या पॅकहाऊसमधनं शेवटच्या पेट्या गेलेल्या, उरलासुरला आंबा कॅनिंगला. गोदामात पेंढ्याचा वास तेवढा राहतो.

जिना चढून वर आलात की डाव्या हाताला छोटी खोली आहे. इन्व्हर्टर, टेबलफॅन आणि एक सर्व्हर. आजूबाजूच्या गावांतल्या बागायतदारांचा सगळा हिशोब त्याच्यात आहे, म्हणजे कुणाच्या किती पेट्या वाशीला गेल्या, काय भाव लागला, हमाली, तोलाई, अडत वजा जाऊन हातात कितीची पट्टी आली. थंडीत मोहर धरल्यापासून फवारण्या, राखण, काढणी, एवढं सगळं करून शेवटी माणसाच्या हातात येतो तो हा एक कागद. म्हणून हा डेटाबेस मला जपायचा असतो, आणि यंदा तो जुन्या व्हर्जनवरनं नव्यावर न्यायचा होता.

डेटाबेस चालायचा पोस्टग्रेस नावाच्या सॉफ्टवेअरवर, व्हर्जन 11. हे व्हर्जन आलं ऑक्टोबर 2018 ला, त्याच महिन्यात आपल्या हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं होतं. पोस्टग्रेसचं कुठलंही मोठं व्हर्जन साधारण 5 वर्षं सांभाळतात, त्यामुळे नोव्हेंबर 2023 नंतर 11 ला सिक्युरिटीचे पॅच बंद. खालची ऑपरेटिंग सिस्टीम सेंटओएस 7, तिचीही मुदत 30 जून 2024 ला संपत होती. दोन्ही एकदम बदलायचं ठरलं, पोस्टग्रेस 16 आणि खाली डेबियन 12.

आता सगळ्यात सोपा वाटणारा रस्ता म्हणजे चालू सर्व्हरवरच अपग्रेड मारायचा. मी तो कधीच घेणार नाही आणि दुसऱ्या कुणालाही घेऊ देणार नाही. चालू मशीनला हात न लावता बॅकअपवरनं दुसऱ्या मशीनवर हुबेहूब क्लोन उभा करायचा आणि जे काय करायचं ते त्याच्यावर. यात आणखी एक काम होऊन जातं, ते म्हणजे आपला बॅकअप खरंच उभा राहतो का ते कळतं.

(दृश्य: चिपळूण, वाशिष्ठीचा पूल)

22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा माझ्या ओळखीच्या एका दुकानात कॉम्प्युटर तळमजल्यावर होता आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात. दोन्ही गेले. त्याच्या आदल्या वर्षी 3 जूनला निसर्ग वादळ आलं तर दापोली, मंडणगडाकडे कितीतरी दिवस लाईट नव्हती. तेव्हापासून आमच्या बॅकअपची एक कॉपी घाटावर असते, आणि रात्री लाईट गेली तर अर्धवट बॅकअप पूर्ण समजायचा नाही हा नियम.

(दृश्य: खोली, रात्र, बाहेर पाऊस, स्क्रीनवर चालती अक्षरं)

पोस्टग्रेसमध्ये बॅकअपचे दोन भाग असतात. एक बेस बॅकअप, म्हणजे सगळ्या फाईल्स जशाच्या तशा. दुसरं वॅल, डेटाबेस प्रत्येक बदल आधी तिथे टिपून घेतो, 16 एमबीच्या तुकड्यांत, आणि ते तुकडे एकेक करून आर्काइव्हला, म्हणजे वेगळ्या साठवणीच्या जागी, जातात. बेस ठेवायचा आणि त्यावर वॅल चढवत जायचं, की डेटाबेस पाहिजे त्या क्षणापर्यंत पुढे येतो.

इथे बरेच जण फसतात. असा फाईलींचा बॅकअप थेट 16 वर उघडत नाही, 11 चा 11 वरच उघडणार. म्हणून नव्या मशीनवर आधी 11 पण टाकलं, बेस उतरवला, रिकव्हरी डॉट कॉन्फ नावाची फाईल लिहून आर्काइव्ह कुठे आहे ते सांगितलं आणि सुरू केलं. स्क्रीनवर वॅलचे एकेक नंबर सरकायला लागले, चोवीस अक्षरी लांबलचक नावं. मी चहा घेऊन समोरच बसलो, उठवलंच नाही. दीडच्या सुमारास शेवटचा तुकडा चढला आणि ती फाईल आपोआप रिकव्हरी डॉट डन झाली. एवढंसं नाव बदलतं, पण ते बघितल्यावर खांद्यावरचं ओझं उतरतं.

मग अपग्रेड. पीजी-अपग्रेड नावाचं टूल आहे, ते आधी नुसतं चेक मोडमध्ये चालवायचं. पहिल्याच फेरीत अडलं. फार पूर्वी कुणीतरी बनवलेल्या जुन्या पट्ट्यांच्या टेबलला प्रत्येक ओळीमागे लपलेला ओआयडी, म्हणजे आतल्या नंबराचा, कॉलम होता, आणि ही सोय व्हर्जन 12 पासून काढून टाकलेली आहे. टूलने टेबलचं नाव एका फाईलीत लिहून दिलं. 11 परत चालू केलं, त्या टेबलचा ओआयडी काढून टाकला. यात टेबल पूर्ण नव्याने लिहिलं जातं आणि तेवढा वेळ लॉक असतं, ऐन सीझनमध्ये चालू मशीनवर हे झालं असतं तर खाली ट्रकवाले खोळंबले असते. दुसऱ्या फेरीत चेक पास.

लिंक मोडने केलं. त्यात फाईल्सची कॉपी होत नाही, जुन्याच फाईल्सना नवी नावं जोडली जातात, त्यामुळे काही मिनिटांत होतं, पण एकदा 16 सुरू केलं की 11 कडे परतायचं नाही. क्लोनवर मला त्याची भीती नाही, मूळ शाबूत आहे. नंतर स्टॅटिस्टिक्स, म्हणजे कुठल्या टेबलात काय आणि किती आहे याचा अंदाज, नव्याने गोळा करायला लागतात, 16 च्या अपग्रेडमध्ये ती येत नाहीत, आणि ती नसतील तर साधा रिपोर्टसुद्धा रांगत चालतो.

सकाळी हिशोबाचे काका आले. चाळीस वर्षं वही लिहिलेला माणूस, अजून सीझनची वही हाताने ठेवतात. म्हणाले, "अरे, एक-डॅश-बाराची पट्टी काढ बघू." आमच्याकडे बागायतदाराचा कोड असा असतो, आधी गाव, मग डॅश, मग खातं. मी टाकला. उत्तर आलं, रेकॉर्ड नाही.

काकांनी वही पुढे केली. पान होतं, पेट्या होत्या, रक्कम होती.

मी पूर्ण टेबल ओळीने वाचायला लावलं, तर रेकॉर्ड सापडलं. इंडेक्सने, म्हणजे पटकन शोधायला क्रमाने लावून ठेवलेल्या सूचीने, शोधलं की सापडत नाही. म्हणजे माल गोदामात आहे, शोधायची वाट चुकतेय. असं समजा की पेट्या नंबराने रचून ठेवल्यात आणि हमाल बदलला, नव्याच्या डोक्यात नंबरांचा क्रमच वेगळा, तो भलत्याच रांगेत जाऊन बघतो आणि सांगतो की पेटी नाही. इथे हमाल म्हणजे जीलिबसी, लिनक्सची मूळ लायब्ररी, अक्षरांचा क्रम ती ठरवते. तिच्या 2.28 व्हर्जनला, ऑगस्ट 2018 मध्ये, क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. सेंटओएस 7 वर 2.17 आहे, डेबियन 12 वर 2.36. म्हणजे "11" आणि "1-1" असं लिहिलेलं असेल तर जुन्या नियमाने "11" आधी आणि "1-1" नंतर, नव्याने "1-1" आधी आणि "11" नंतर. आमचे सगळे कोड डॅशवाले! आणि कुठेही एरर नाही, वॉर्निंग नाही.

मला खरंच घाम फुटला. कारण नुसतं सापडत नाही एवढ्यावर हे थांबत नाही, एक कोड एकदाच येऊ देणारा जो युनिक इंडेक्स, त्यालाही आधीचं खातं दिसत नाही, मग तो त्याच कोडचं दुसरं खातं उघडू देतो आणि एका माणसाच्या पेट्या दोन खात्यांत वाटल्या जातात. एप्रिलमध्ये हे झालं असतं तर निस्तरायला दिवाळी आली असती.

उपाय सोपा आहे, रीइंडेक्स, सगळे इंडेक्स नव्या क्रमाने परत बांधायचे. मग अॅमचेक नावाच्या एक्स्टेन्शनने एकेक इंडेक्स तपासून घेतला. काकांनी परत तोच कोड सांगितला, नंतर वहीतले अजून वीस-पंचवीस, मध्येच कुठलेही, मुद्दाम डॅशनंतर दोन आकडी, तीन आकडी. सगळे निघाले.

तो क्लोन मी पुसून टाकला. आठवड्याने, रविवारी, परत पहिल्यापासून, यावेळी खरं. अॅप बंद केलं, जुन्यावर पीजी-स्विच-वॅल ही कमांड मारून वॅलचा शेवटचा तुकडा आर्काइव्हला ढकलला, क्लोन तिथपर्यंत आणला, ओआयडी, अपग्रेड, रीइंडेक्स, स्टॅटिस्टिक्स, त्याच क्रमाने, कागदावर लिहून ठेवलेलं. मध्ये दोनदा लाईट गेली, इन्व्हर्टरने धरलं. संध्याकाळी काका वही घेऊन हजर, रविवार असून.

(दृश्य: बंद सर्व्हर, वर प्लास्टिकचा कागद)

जुना सर्व्हर गणपतीपर्यंत तसाच ठेवणार आहोत, बंद करून, काही न पुसता. आणि नव्या 16 चा पहिला बेस बॅकअप त्याच रात्री घेतला, कारण 11 चे बॅकअप आता 16 ला उपयोगाचे नाहीत. तो दुसऱ्या मशीनवर उभा करून बघायचं काम येत्या शनिवारी ठेवलंय.