नसलेल्या अंगकाचे दोन मार्क

मंडळी, पत्रिकेवर 'पेशीचं अंतरंग' असा विषय छापलाय. त्याच्याकडे येतोच. आधी एक कबुली देतो. जिची माफी मागायची ती सभागृहात नाही, हे मघाशीच बघून घेतलंय. (हशा)

इथं बेळगावात मी पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, जीवशास्त्र शिकवायचो. दरवर्षी फळ्यावर जिवाणू काढायचो आणि त्याच्या पटलाला, म्हणजे पातळ आवरणाला, आतून एक गुंडाळी. मेसोसोम नावाचं अंगक, म्हणजे पेशीतला छोटा अवयव, दोन मार्क. खानापूरकडची एक मुलगी उठली, ''सर, ते खरंच असतंय, की फोटोसाठी तयारी करताना होतंय?'' मी म्हटलं, ''पुस्तकात आहे न्हवं, मग असतंय.'' परीक्षेत तिनं ते काढलंच नाही. मी मार्क कापले. मंडळी, पोरगी बरोबर होती.

झालं होतं काय, तर साध्या सूक्ष्मदर्शकात 200 नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके एकच दिसतात. प्रकाशाची लहरच तेवढी जाड. 1931 साली बर्लिनमध्ये रुस्का आणि क्नोल यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन वापरले. त्यांची लहर लाखपट बारीक. पण ते निर्वातातच नीट धावतात, आणि पेशी तर पाण्यानं भरलेली! मग तिला रसायनात मारायचं, पाणी काढून राळ भरायची आणि काचेच्या नाहीतर हिऱ्याच्या सुरीनं काप काढायचे. काप इतके पातळ, की केसाच्या जाडीत हजार बसावेत. आपल्याकडे मांडे करणाऱ्या बायकांना हे काम दिलं असतं, तर... असो, मांड्यांवर बोलायला लागलो तर नऊ वाजतील.

तरी एक सांगतोच. 1898 साली इटलीच्या गॉल्जी या शास्त्रज्ञानं पेशीत एक जाळी पाहिली. ती खरी की रंगाचा डाग, यावर पन्नास वर्षं भांडण. इलेक्ट्रॉनच्या चित्रांत दिसलं, एकावर एक चपट्या पिशव्या, थेट मांड्याच्या घड्या! गॉल्जीचे मांडे ताटातले निघाले. मेसोसोम मात्र मनातले. रसायनानं पटल आक्रसून ती गुंडाळी व्हायची.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे मुख्य विषय आता. (हशा)

फ्रीजरमधला टोमॅटो बाहेर काढल्यावर लिबलिबीत का होतो? बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. म्हणून नमुना उणे 180 अंशांच्या आसपासच्या द्रव इथेनमध्ये झटक्यात बुडवतात. स्फटिकाला वेळच मिळत नाही, पाणी काचेसारखं थिजतं. ना रंग, ना राळ. या तंत्रासाठी दुबोशे, फ्रँक, हेंडरसन यांना 2017चं रसायनशास्त्राचं नोबेल. पुढं आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित अणूंच्या, झोतानं थिजलेली पेशी तासून पातळ करतात, थोडी थोडी कलती करून अनेक चित्रं घेतात आणि संगणक त्यातून घन आकृती उभी करतो. प्रथिनं बनवणारे रायबोसोम आपापल्या जागी दिसतात.

दुसरी चिठ्ठी. बरं.

असे थिजवलेले जिवाणू 1980च्या दशकात पाहिले, त्यात मेसोसोम नव्हतेच. ती मुलगी कुणाच्या ओळखीत असेल, तर सांगा, सर दोन मार्क देणं लागतात. उत्तरपत्रिका मात्र रद्दीत गेली.