शेजाऱ्याचं आमेन

(ठाण्यातल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, काही वर्षांपूर्वी नौपाड्यात राहणाऱ्या एक शिक्षिका वारल्या. त्यांनी जन्मभर मराठी शिकवलं. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांत मी पाळक असलेल्या ख्रिस्ती मंडळीतली मुलं होती, तशीच टेंभी नाक्याच्या सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, जाणाऱ्या बेने इस्राएल, म्हणजे इथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, घरांतलीही होती. शोकसभेत प्रार्थना हजानसाहेबांनी आणि मी, दोघांनी मिळून चालवायची असं ठरलं. बेने इस्राएलांकडे पूर्वापार रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, नव्हते. उपासना पुढे राहून चालवतो तो हजान.

त्यांनी तेहिलीममधलं, म्हणजे आपल्या बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं, तेविसावं स्तोत्र आधी हिब्रूत म्हटलं, मग मराठीत. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ म्हणताच आमच्या बायका त्यांच्याबरोबर पुटपुटू लागल्या, कारण त्यांना ते पाठच. खोलीत एकच आवाज झाला. मग मी प्रार्थना केली, आणि आयुष्यभर ज्या शब्दांनी प्रार्थना संपवत आलो तेच तोंडून गेले: ‘हे आम्ही प्रभू येशूच्या नावाने मागतो.’ आमच्या लोकांचं आमेन झालं. उजवीकडच्या खुर्च्यांतून आलं नाही. हजानसाहेब मान खाली घालून उभे होते.

चहाच्या वेळी मी त्यांची माफी मागितली. ते रागावले नव्हते. म्हणाले, ‘पाळकसाहेब, आमच्याकडे आमेन म्हणजे सही. कागद न वाचता सही कशी करायची?’

ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. हिब्रूत आमेन हा शब्द ज्या धातूचा, त्याच धातूपासून ‘एमुना’, विश्वास, हा शब्द आला. पक्कं असणं, टिकून राहणं हा त्याचा मूळ अर्थ. दुसऱ्याने म्हटलेल्या आशीर्वादाला आमेन म्हणणारा ते बोलणं आपलं करून घेतो. मी त्या दिवशी तीसेक माणसांपुढे अशी सही मागितली, जी ते प्रामाणिकपणे करूच शकत नव्हते, आणि तीही एका बाईंच्या शोकात. दोन धर्मांचे लोक समोर असताना जो प्रार्थना चालवतो, त्याच्यावर शेजाऱ्याच्या आमेनची जबाबदारी असते. मला आज एवढंच सांगायचं आहे.

सक्तीच्या आमेनचा इतिहास या भागाला परका नाही. १७३७ साली मराठ्यांनी घेईपर्यंत ठाणं पोर्तुगीजांकडे होतं. त्यांच्या काळात गार्सिया द ओर्ता नावाचा एक वैद्य होऊन गेला. त्याचे आईवडील मुळात ज्यू, बाप्तिस्मा घ्यायला लावलेले. मुंबईचं बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं. तो १५६८ मध्ये वारला, आणि मनातून ज्यूच राहिला असं ठरवून गोव्याच्या इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, १५८० साली त्याची हाडं उकरून जाळली. हे करणाऱ्यांच्या गळ्यात क्रूस होता. तो माझ्याही गळ्यात आहे, म्हणून हे मी स्वतः सांगतो, दुसऱ्याने सांगायची वाट पाहत नाही.

नंतर जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी आले. १८३२ साली त्यांनी बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. हेतू धर्मांतराचा होता, पण घडलं वेगळंच. बेने इस्राएलांनी भाषा घेतली, बाप्तिस्मा फारच थोड्यांनी घेतला, आणि त्या हिब्रूनं ते आपल्याच प्रार्थनेत अधिक खोल गेले. १८७९ साली ठाण्यात त्यांचं सिनेगॉग उभं राहिलं. नाव शआर हाशामाइम, स्वर्गाचं दार. याकोब झोपेतून जागा होऊन जे बोलला त्यातलेच हे शब्द. उत्पत्तीचा अठ्ठाविसावा अध्याय आम्हीही वाचतो.

कॅथलिक बांधवांनी १९६५ च्या २८ ऑक्टोबरला, व्हॅटिकनच्या परिषदेत, येशूच्या मृत्यूचा दोष साऱ्या ज्यूंवर टाकता येणार नाही असं जाहीर केलं. मी त्यांच्या पंथाचा नाही, पण तो दिवस आमचाही मानतो. पुढे १९८६ मध्ये असिसीला पोप जॉन पॉल दुसरे यांनी अनेक धर्मांचे लोक बोलावले, तेव्हा एक भेद जपला गेला: प्रार्थनेसाठी एकत्र यायचं, पण सगळ्यांनी मिळून एकच प्रार्थना करायची नाही. तरुणपणी मला तो भेद कोता वाटायचा. त्या शोकसभेनंतर तो भेद म्हणजे आदर आहे हे कळलं.

मग हजानसाहेब आणि मी बसून ठरवलं. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत त्यांचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस, तेव्हा काही ठेवायचं नाही. कद्दीश, मृतांसाठी म्हणायची प्रार्थना, ती त्यांची, तिला मिन्यान, म्हणजे किमान दहा पुरुषांची हजेरी, लागतो, तेव्हा आम्ही नुसते उभे राहायचं. त्यांच्यासमोर त्यांच्या शास्त्राला मी ‘जुना करार’ म्हणायचं नाही, कारण त्यांच्या लेखी तो जुना झालेला नाही. माझी येशूच्या नावाची प्रार्थना मी करणारच, ती पातळ करायची नाही, पण आधी सांगायचं की ही आमची आहे. आणि सर्वांनी मिळून म्हणायचं ते स्तोत्र, मराठीत. शेवटी त्याच शास्त्रातल्या गणना या पुस्तकातला आशीर्वाद, ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझे संरक्षण करो.’ तो त्यांच्या याजकांचा, आणि आमचीही उपासना त्यानंच संपते. पहिल्यांदा असं केलं तेव्हा आमेन दोन्ही बाजूंनी आलं. माझा आवाज मात्र फुटला नाही.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. बेने इस्राएलांच्या घरी मलिदा नावाचा विधी होतो. गोड पोहे, ओलं खोबरं, फळं मांडतात आणि एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलीया संदेष्ट्याचं, नाव घेतात. इथून थोड्याच अंतरावर तलावपाळीला कॅथलिकांचं देऊळ आहे, बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं. मलाखी संदेष्ट्यानं सांगितलं होतं की एलीया परत येईल, आणि बापांची मनं मुलांकडे आणि मुलांची मनं बापांकडे वळवील. येशू योहानाविषयी म्हणतो, येणारा एलीया तो हाच. हजानसाहेबांच्या घरी मात्र एलियाहूची अजून वाट पाहिली जाते. मलाखीचं ते वचन एकत्र वाचावं का, असं मी त्यांना विचारलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘वाचू या. तुम्ही आला म्हणा, आम्ही येईल म्हणू. मलिद्याचं ताट मधे ठेवू.’

गेल्या महिन्यात आम्ही वाचलं. आधी त्यांनी, मग मी.